ग्रीसमध्ये चालणारा ब्रेक

ब्रेकला तेल-ग्रीस लागू देऊ नये, हे रिमच्या ब्रेकबाबत खरे. जुन्या कोस्टर ब्रेकचा न्याय उलटा. पेडल मागे दाबले की मागच्या हबमधले धातूचे शू फाकून हबच्या आतल्या भिंतीवर घासतात. मध्ये ग्रीसचा थर नसेल, तर धातू धातूला खरवडतो आणि चाक एकाएकी जाम होऊ शकते.

ग्रीसचा खरा शत्रू उष्णता. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या डोंगरउतारावर जुन्या, जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतरताना हब इतके तापत, की ग्रीसचा धूर होई. मग हब खोलून नव्याने ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. माउंटन बाइकचा इतिहास याच वाटेने उतरला.

म्हणून जुना हब उघडला, की काळे पडलेले ग्रीस रॉकेलने धुवावे, भाग कोरडे करावेत, झिजलेले छर्रे-कोन बदलावेत आणि उष्णता सोसणारे ग्रीसच भरावे. शेवटी ब्रेकची पट्टी फ्रेमला घट्ट आवळावी. ती सुटली, तर उत्तम ग्रीसही सायकल थांबवू शकत नाही.