भरिताचा हंगाम सरल्यावर खानदेशात कुठे जेवावे?

जळगावचे भरीत हिवाळ्याचे. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासह ठेचली, की खरी चव येते. या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. उन्हाळ्यात तशी वांगी मिळणे अवघड, म्हणून बारमाही भरिताची पाटी पाहून आत शिरू नये. तेव्हा जळगाव-धुळ्यात शेवभाजी किंवा पाटोडीचा रस्सा मागवावा. शेव जाड, तिखट असावी आणि ताट वाढतानाच रश्श्यात पडावी. आधीच भिजलेली शेव म्हणजे शिळा कारभार. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी गरम मिळत असेल, तर ते हॉटेल नक्कीच चांगले. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमरसासोबत खापरावरची पुरणपोळी जरूर शोधावी.