धाबे ठेवावे की पत्रा घालावा?

घराच्या छपराची आठवण आपल्याला वर्षातून एकदाच होते. कोकणात पावसाच्या तोंडावर कौले परततात, खानदेश-मराठवाड्यात धाब्यावर नवी माती टाकतात आणि पुढचे वर्षभर त्याकडे कुणी पाहत नाही. पण हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात तसे करून चालत नाही. तेथे हिवाळ्यात छप्पर हे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे असते. रात्री-अपरात्री उठून त्याला पाहावे लागते.

केलाँग हे लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरहून उंचावरचे हे छोटेसे गाव. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की या खोऱ्याचा जगाशी संपर्क काही महिने तुटत असे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुमारे 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि लोकांचे व सामानाचे येणे-जाणे सोपे झाले. मातीच्या सपाट धाब्याऐवजी उतरते पत्र्याचे छप्पर घालणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. पण सोपे झाले म्हणून करावेच का, आणि केले तर कसे करावे, यावर घराघरात मतभेद असतात.

छताला माणसे लागतात

लाहौलची जुनी घरे दगड, माती आणि लाकडाची. जाड तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या, भूर्जाची साल आणि वर चोपून बसवलेली माती. असे धाबे थंडीत ऊब धरून ठेवते. पाऊस कमी असल्यामुळे ते टिकतेही. अट एकच. बर्फ पडला की तो लगेच लाकडी फावड्याने खाली ढकलला पाहिजे. दोन दिवस सतत बर्फ पडला, तर दिवसातून दोनदा वर चढावे लागते.

घरात चार कर्ती माणसे असताना हे काम होऊन जाई. आता मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी कुल्लू-मनालीकडे, नाहीतर त्याहून दूर गेली आहेत. अनेक कुटुंबांनी कुल्लू खोऱ्यात दुसरे घर केले आहे आणि हिवाळा ती तिकडेच काढतात. मागे राहतात ते सासू-सासरे, नाहीतर कुलूप. सत्तरीच्या माणसाने शिडीवरून निसरड्या धाब्यावर चढावे, हे कोणत्या मुलाला रुचेल?

वजनाचा हिशेब

30 फूट लांब आणि 25 फूट रुंद धाबे धरा. म्हणजे सुमारे 70 चौरस मीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो. असा दोन फूट बर्फ पडला तर छतावर चार टनांहून जास्त भार येतो. पण तोच थर दबलेल्या, जुन्या बर्फाचा असेल तर भार दहा टनांवर जातो. त्याखाली सहा इंच माती असली, तर तिचेच वजन 16 टनांच्या घरात! दर वर्षी गळती बुजवण्यासाठी नवी माती टाकली की हे ओझे वाढतच जाते. हा भाग भूकंपप्रवण आहे, त्यामुळे डोक्यावरचे ओझे जितके कमी तितके बरे.

याउलट अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच भरतो. शिवाय उतारावर बर्फ टिकत नाही. बर्फाच्या भारासाठी भारतीय मानक ब्युरोची आय. एस. 875 ही संहिता आहे. तिच्या चौथ्या भागानुसार उतार 30 अंशांच्या पुढे गेला की हिशेबात धरायचा भार कमी होत जातो. म्हणून उतार नावापुरता ठेवून उपयोग नाही.

सासूबाईंचेही खरे आहे

मुलगा पत्र्याचा आग्रह धरतो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा विरोध नुसता हट्ट नसतो. धाबे हे तिचे अंगण असते. गवत, भाज्या, धान्य तेथेच वाळते. हिवाळ्यातल्या उन्हात तेथेच बसून लोकर कातता येते. पत्रा आला की हे सारे जाते. वर पत्रा थंडीत गार पडतो, पावसात वाजतो.

यावर अनेक घरांनी चांगला मार्ग काढला आहे. जुने धाबे भक्कम असेल तर ते तसेच ठेवून त्याच्यावर उतरते छप्पर उभारायचे. माती खाली ऊब धरते, मधल्या पोकळीत चारा आणि सरपण राहते आणि बर्फ पत्र्यावरून निघून जातो. जागा असल्यास दक्षिणेकडचा थोडा भाग सपाट ठेवावा. तेवढा भाग साफ करणे एका माणसालाही जमते.

आधी तुळया तपासा

मिस्त्री बोलावण्यापूर्वी घर नीट पाहा. तुळई भिंतीत शिरते तेथे काळे, ओले डाग आहेत का? पटाशीचे टोक टोचल्यावर लाकूड भुसभुशीत लागते का? छत मध्येच खाली वाकले आहे का? पूर्वी सहज लागणारे दार आता अडकते का? यांपैकी काही आढळले, तर वर नवा पत्रा चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. अशा वेळी माती उतरवून तुळया बदलाव्यात.

नव्या छपराचे खांब तुळयांच्या मध्यावर टेकवू नयेत. भार भिंतींवर गेला पाहिजे, आणि भिंत मातीची असेल तर तिच्या माथ्यावर सलग लाकडी पट्टी हवी. पत्रा हलका असतो, म्हणजे वाऱ्याने उडूही शकतो. त्यामुळे सांगाडा भिंतीशी पक्का जखडून घ्यावा.

नालीदार पत्र्याचे हूक किंवा स्क्रू उंचवट्यावर, रबरी वायसर घालून बसवावेत. खोलगट भागात भोक पाडले की गळती ठरलेली. वरचा पत्रा खालच्यावर किमान 15 सेंटीमीटर चढला पाहिजे.

एक धोका मात्र नव्या छपरातच असतो. तंदूरची ऊब वर जाऊन पत्रा गरम करते, बर्फ वितळतो आणि ते पाणी थंड वळचणीवर पुन्हा गोठते. तेथे बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे साठलेले पाणी पत्र्याच्या जोडांतून आत शिरते. म्हणून पत्र्याखालची पोकळी थंडच राहू द्यावी, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत झरोके ठेवावेत आणि तंदूरचे धुराडे पत्र्याच्या वर, मोकळ्या हवेत न्यावे. पोकळीत सोडलेला धूर जिवावर बेतू शकतो. धुराड्याजवळ गवत-चारा ठेवू नये.

बर्फ कोणाच्या दारात पडणार?

पत्र्यावरचा बर्फ मुठीमुठीने नाही, एकदम कडा कोसळावा तसा खाली येतो. म्हणून उतार दारावर, वाटेवर, गोठ्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात काढू नये. दुसरी सोयच नसेल तर वळचणीच्या वर बर्फ अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवाव्यात, आणि त्यांचा जादा भार मिस्त्रीला आधीच सांगावा. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घेतले तर पुढची भांडणे टळतात.

राहिला वेळेचा प्रश्न. छप्पर उघडे टाकायचे ते जून ते ऑगस्टमध्येच, आणि नेमके याच दिवसांत वाटाणा-बटाट्याचे शेतकाम असते. मजूर मिळत नाहीत, हाती पैसाही पीक विकल्यावरच येतो. तरीही काम लांबवू नये. सप्टेंबर 2018 मध्ये लाहौलमध्ये पिके शेतात असतानाच जोराचा बर्फ पडला होता. सामान आदल्या वर्षी घेऊन ठेवावे, शेतकाम ओसरताच छप्पर उघडावे आणि एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी.

माती चांगली की पत्रा, याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. कुटुंबाने एकत्र बसून आधी एवढेच ठरवावे, की पुढच्या दहा हिवाळ्यांत या घरात कोण राहणार आहे आणि फावडे कोणाच्या हाती असणार आहे. ते ठरले की छप्पर कसले हवे, हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.