कोराडीची जगदंबा आणि आयर्लंडची म्हातारी

नागपुराच्या उत्तरेस दहा-पंधरा किलोमीटरांवर कोराडी हें गांव आहे. परगांवच्या माणसाला हें नांव तेथील औष्णिक विद्युत्केंद्रामुळें ठाऊक असतें. त्याचीं उंच धुराडीं दुरूनच दिसूं लागतात. विदर्भांतल्या घरांत मात्र कोराडी म्हटलें कीं प्रथम आठवतें तें तळ्याकांठचें महालक्ष्मी जगदंबेचें देऊळ. ही देवी दिवसांतून तीन वेळां रूप पालटते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. सकाळीं बालिका, दुपारीं तरुणी आणि दिवस कलतांना वृद्धा.

स्थानाची आख्यायिकाहि अशीच रम्य आहे. पूर्वीं या गांवास जाखापूर म्हणत, आणि तेथें झोलन नांवाचा राजा होता, असें सांगतात. त्याला सात मुलगे होते, मुलगी मात्र एकहि नव्हती. त्यानें यज्ञयाग केले, तप केलें आणि देवीपाशीं कन्या मागितली. (पुत्रासाठीं तप करणारे राजे आपल्या पुराणांत पैशाला पासरी मिळतात, मुलीसाठीं तप करणारा राजा विरळाच!) जी कन्या झाली ती साक्षात् जगदंबाच. पुढें युद्धाचा प्रसंग आला तेव्हां तिनेंच बापाला मार्ग दाखविला, आणि कार्य उरकल्यावर सूर्यास्ताच्या वेळीं ती जेथें थांबली तेथेंच कायमची राहिली. तीच ही कोराडी.

आज ही कथा आठवण्याचें कारण निराळें आहे. सुशिक्षित घरांतलीं बारा ते अठरा वर्षांचीं मुलें हल्लीं इंग्रजींतल्या अद्भुत कादंबऱ्या मोठ्या आवडीनें वाचतात, आणि त्यांपैकीं कित्येक मध्ययुगीन आयर्लंडच्या दंतकथांवर रचलेल्या असतात. कावळ्याचें रूप घेणारी रणदेवता मॉरिगन, टेकड्यांच्या पोटांत राहणारे ‘शी’ लोक, एकट्यानें सबंध सैन्य अडविणारा पोरसवदा वीर कूहुलिन, हीं नांवें आमच्या नातवंडांच्या तोंडीं रुळलीं आहेत. झोलन कोण, लिंगो कोण, असें विचारलें तर तींच मुलें गप्प बसतात. यावर वडील मंडळींचा शेरा ठरलेला असतो, कीं परक्यांचीं भुतें आपल्या घरांत कशाला ? आमचें मत तसें नाहीं. मराठी वाचकाला अद्भुताचें वावडें कधींच नव्हतें. ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली, ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं, आणि नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालीं. आजच्या वडील मंडळींच्या वडिलांनीं हीं पुस्तकें अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून वाचलीं असतील, अशी आम्हांस दाट शंका आहे.

शिवाय आयर्लंड महाराष्ट्राला तितकासा परका नाहीं. न. चिं. केळकरांनीं १९०९ सालीं ‘आयर्लंडचा इतिहास’ लिहिला तो तेथील राजकारणावर दृष्टि ठेवून. भगिनी निवेदिता जन्मानें आयरिश. त्यांनीं १९०७ सालीं आपल्या पुराणांतल्या कथा इंग्रजी वाचणाऱ्या मुलांकरितां सांगितल्या. आणि दोन्ही देशांच्या कथा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे मन चकित होतें. ऑशिन नांवाचा तरुण एका परीच्या मागोमाग चिरतारुण्याच्या देशांत, ‘तीर ना नोग’ला, जातो. तीन वर्षें झालीं असें समजून परत येतो, तों इकडे तीन शतकें उलटलेलीं. घोड्यावरून पडून त्याचा पाय भुईला लागतो आणि क्षणांत तो जख्ख म्हातारा होतो. आमच्या भागवतांतला रैवत राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकीं गेला, घटकाभर गायन ऐकत थांबला, आणि तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें संपलीं ! फरक एवढाच कीं, आमच्याकडे शेवटीं बलरामाशीं लग्न लागतें, आणि त्यांच्याकडे डोळ्यांत पाणी येतें.

कोराडीशीं मिळती अशी तेथील कथा निआल राजाची. अकराव्या शतकाच्या सुमाराची ही कथा. पांच सावत्र भाऊ शिकारीस जातात, तहानेनें व्याकुळ होतात, आणि एकेक जण पाण्यासाठीं विहिरीवर जातो. तेथें एक विद्रूप म्हातारी पहाऱ्यावर बसलेली असते. चुंबन दिल्यावांचून पाणी मिळणार नाहीं, असें ती बजावते. इतर भाऊ कचरतात. निआल मात्र तिला निःशंकपणें मिठी मारतो. तत्काळ ती लावण्यवती तरुणी होते आणि सांगते कीं, मीच या देशाची राजसत्ता. वाचतां वाचतां यक्षप्रश्न आठवल्यावांचून राहत नाहीं. तेंच राखलेलें पाणी, तेच एकामागून एक जाणारे भाऊ. १९०२ सालीं येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनीं हीच म्हातारी डब्लिनच्या रंगभूमीवर आणली. आपलीं हिरावलेलीं शेतें परत मागणारी ती अनाथ बाई हातांतलें लग्न टाकून आलेल्या एका तरुणाला घेऊन निघून जाते, आणि जातांना पाहणाऱ्याला ती राणीच्या डौलानें चालणारी युवती दिसते. परतंत्र राष्ट्राला त्या म्हातारींत आपली मातृभूमि दिसली.

पण आयर्लंडचें खरें कौतुक पुढेंच आहे. तेथें १९३५ सालीं लोककथा जमविण्यासाठीं सरकारी मंडळ नेमलें गेलें, आणि १९३७ ते १९३९ या काळांत सुमारें ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या इयत्तांच्या मुलांना एक काम सांगण्यांत आलें. निबंधाच्या तासाला नेहमींचे निबंध न लिहितां आजीआजोबांना आणि शेजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधें, उखाणे, विहिरींच्या व टेकड्यांच्या दंतकथा लिहून आणावयाच्या. मुलांच्या मूळ वह्या आणि बांधीव खंड मिळून अदमासें ७,४०,००० पानें भरलीं. त्या मंडळाच्या संग्रहाला २०१७ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतिपटांत स्थान दिलें. आज पॅट ओशी यांची ‘द हाउंड्स ऑफ द मॉरिगन’ (१९८५) किंवा केट टॉम्सन यांची ‘द न्यू पोलीसमन’ (२००५) आपलीं मुलें वाचतात, तीं पुस्तकें ज्या भूमींत उगवलीं ती अशी आधींच नांगरून ठेवलेली होती.

नागपुरालाहि अशी भूमि आहे, आणि ती नांगरण्यास एकदां आरंभ झाला होता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरांत राहत. १८६३ सालीं नदी ओलांडतांना ते बुडाले. त्यांच्या मागें राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले, आणि त्यांत गोंडांच्या लिंगोचें दीर्घ गीत आहे. परधान गात आले तें हें गीत. महादेवानें गोंडांना गुहेंत कोंडून दारावर प्रचंड शिळा लावली. फुलांतून जन्मलेला लिंगो भावांच्या हातून मारला जातो, अमृतानें पुन्हां उठतो, आणि गोंडांच्या सुटकेसाठीं महादेवाकडे जातो. महादेव बिंदो नांवाच्या महापक्ष्याचीं पिलें आणावयास सांगतो. समुद्रांतून येणारा नाग दरवेळीं तीं पिलें गिळीत असे. लिंगो त्या नागाला मारतो, आणि उपकाराची जाण ठेवून पक्षीण त्याला पाठीवर घेऊन उडते. गुहा उघडते. कोणत्या परदेशी कादंबरींत याहून अधिक आहे ?

येथें दोन अडचणी आहेत आणि त्या आम्हांस खऱ्या वाटतात. मॉरिगनपुढें आज घरोघरीं निरांजन लागत नाहीं, म्हणून कादंबरीकार तिला हवी तशी वांकवूं शकतो. कोराडीला नवरात्रांत दर्शनाची रीघ लागते. जगदंबेला कादंबरींतलें पात्र करणें म्हणजे कोणाच्या तरी श्रद्धेवर पाय ठेवणें होय. आमच्या मतें लेखकाची जागा देवीपाशीं नसून त्या सात भावांपाशीं आहे. नवसाची बहीण घरांत येते, बापाला युद्धांत वाट दाखविते आणि संध्याकाळीं परकी होऊन जाते. सर्वांत धाकट्या भावाच्या डोळ्यांनीं हें सांगितलें तर देवीच्या पावित्र्यास बाध येणार नाहीं, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाला स्वतःच्या घरांतलें कांहींतरी त्यांत सांपडेल. दुसरी अडचण लिंगोची. तो गोंडांचा पूर्वज आहे, आमच्या वाड्यांतला नव्हे. त्याची गोष्ट गोंड लेखकानें लिहावी आणि आम्हीं ती मान देऊन वाचावी, हें उचित. आम्हांला लिहावयाचेंच असेल तर आमच्या स्वयंपाकघरांत आणि देवघरांत सांगितलेल्या गोष्टी पडल्या आहेतच.

आणि त्या लवकर लिहाव्या लागतील. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत सोळा सोमवारांची, ललितापंचमीची कहाणी पोथींतून वाचली जाते. पण पणजीची स्वतःची, पोथींत नसलेली गोष्ट जिला येते अशी एखादीच म्हातारी उरली आहे. दिवाळीच्या सुटींत मुलांना एक शंभर पानी वही द्यावी. आयरिश मुलांनीं गोष्टीबरोबर सांगणाऱ्याचें नांव, गांव आणि वय टिपून ठेवलें होतें. तसेंच आपल्याहि मुलांनीं टिपावें, आणि आजीनें ती कोणाकडून ऐकली हेंहि विचारावें. बोली वऱ्हाडी असो कीं नागपुरी, ती सुधारूं नये. दोन आत्या तीच गोष्ट निरनिराळी सांगूं लागल्या तर भांडण न मिटवितां दोन्ही उतरून घ्याव्या, आणि वही माळ्यावर न टाकतां देव्हाऱ्याखालच्या फडताळांत, पंचांगाशेजारीं ठेवावी.