आंबा बागेतील फोटो: शेल स्क्रिप्ट वापरावी की ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅम?

रत्नागिरीतील हापूस बागांत पालवी फुटली की करपा, तुडतुडे, फुलकिडे यांची पाहणी सुरू होते. काही फेऱ्यांतच मोबाइलवर शेकडो फोटो जमतात. ते लहान करणे किंवा पानावरील डाग मोजणे ही कामे संगणकाकडून करून घेता येतात. मात्र कामानुसार पद्धत निवडावी.

शेल स्क्रिप्ट

ही संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी असते. सर्व फोटोंवर एकच काम करायचे असेल तर ती पुरते. इमेजमॅजिक या मोफत सॉफ्टवेअरमधील 'मॉग्रिफाय' आज्ञेच्या एका ओळीत पूर्ण फोल्डरचे फोटो लहान होतात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो १२०० बाय ९०० केल्यास पिक्सेल अकराव्या हिश्श्यावर येतात. कमी रेंजच्या वाडीतूनही असा फोटो पाठवणे सोपे जाते.

काळजी:
- ही आज्ञा मूळ फोटो बदलते, म्हणून 'पाथ' पर्याय देऊन नवे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावेत.
- 'स्ट्रिप' पर्यायाने फोटोतील तारीख व ठिकाणाची नोंद पुसली जाते. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी काढलेले मूळ फोटो जपून ठेवावेत.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅम

करप्याचे डाग मोजायचे असल्यास पायथन भाषा व ओपनसीव्ही उपयोगी पडते. येथे 'पान' नावाचा क्लास तयार करतात. झाडाचा क्रमांक, तारीख, फोटो आणि 'डाग मोजणे' ही क्रिया त्यात एकत्र राहते. प्रत्येक फोटो म्हणजे नोंदवहीतील एक स्वतंत्र नोंद. पुढे भुरीसाठी वेगळी मोजणी जोडली, तरी आधीची नोंद व मोजणी तशीच चालते.

गणित सोपे आहे: डागांचे पिक्सेल भागिले पानाचे पिक्सेल, गुणिले १००. पानाचे २,००,००० आणि डागांचे १०,००० पिक्सेल असल्यास ५ टक्के पान बाधित.

पान पांढऱ्या कागदावर, सावलीत ठेवून फोटो घ्यावा. भुरी पांढरी दिसत असल्याने तिच्यासाठी गडद कागद वापरावा.

मर्यादा

उन्हाने करपलेली कड आणि करप्याचा डाग केवळ रंगावरून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे केवळ आकड्यावरून फवारणी करू नये. शंका असल्यास बाधित पान दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना दाखवावे.

थोडक्यात, फोटो लहान करायचे असतील तर शेल स्क्रिप्ट; झाडनिहाय मोजणी हंगामभर ठेवायची असेल तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅम निवडावा.