बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली इंटर्नशिप

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शिक्षण चालू असतानाच, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, चार ते आठ आठवडे एखाद्या कारखान्यात जाऊन तिथले काम पाहायचे आणि जमेल तेवढे स्वतः करायचे, याला इंटर्नशिप म्हणतात. कारखान्यातली जुनी माणसे तिला आजही इन-प्लांट ट्रेनिंग म्हणतात आणि विद्यार्थ्याला ट्रेनी. पालघर जिल्ह्यातला बोईसर-तारापूर पट्टा या कामासाठी महाराष्ट्रातल्या सर्वांत सोयीच्या ठिकाणांपैकी एक आहे. एमआयडीसीच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद यांचे हजारावर लहानमोठे कारखाने आहेत. जवळच समुद्रकाठी तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे आणि उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र. केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन अशा कोणत्याही शाखेच्या मुलाला इथे काहीतरी पाहण्याजोगे सापडतेच.

इंटर्नशिपची प्रथा जुनी असली तरी तिची सक्ती अलीकडची आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम आणि इंटर्नशिपचे धोरण जाहीर केले. पदवीच्या विद्यार्थ्याने संपूर्ण अभ्यासक्रमात ६०० ते ७०० तास आणि पदविकेच्या विद्यार्थ्याने ४५० ते ५०० तास प्रत्यक्ष कामात घालवावेत, अशी त्यातली अपेक्षा आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेच्या ‘आय’ अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घातले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपला स्वतंत्र श्रेयांक मिळाले. त्याआधीही मुंबईच्या यूडीसीटीसारख्या संस्थेतले, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले विद्यार्थी सुट्टीत कारखाने गाठत असत. आता मात्र जळगाव, लातूर किंवा सांगलीच्या साध्या कॉलेजातल्या मुलालाही घर सोडून कुठेतरी जावेच लागते.

इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप यांत पालक नेहमी गल्लत करतात. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते. पदवी किंवा पदविका हातात पडल्यावर ती बहुधा वर्षभराची असते, तिचा करार होतो आणि किमान विद्यावेतन सरकार ठरवते. इंटर्नशिप हा शिक्षणाचाच भाग असल्याने तिच्यात पैसे मिळतीलच असे नाही. तारापूरच्या अनेक छोट्या कारखान्यांत दुपारचे जेवण आणि बससेवा एवढीच कमाई असते. लातूरहून आलेल्या मुलाच्या घरच्यांना खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास मिळून जो खर्च सोसावा लागतो, त्याचा विचार सक्ती करणाऱ्या धोरणाने पुरेसा केलेला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

जागा मिळवण्याची खटपट जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करावी लागते. कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागाचे विनंतीपत्र, बोनाफाइड, ओळखपत्राची प्रत, अपघात विम्याचा कागद आणि बायोडेटा एवढी कागदपत्रे लागतात. मोठ्या कंपन्यांत अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जातो. लहान कारखान्यात मात्र ओळखीचा सुपरवायझर किंवा कॉलेजचा माजी विद्यार्थी जास्त उपयोगी पडतो. कारखानदारांची तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे टिमा, हीदेखील चौकशीची एक जागा आहे. अणुऊर्जा केंद्रासारख्या संरक्षित ठिकाणी पोलीस पडताळणी झाल्याशिवाय फाटकातून आत जाता येत नाही आणि तिला वेळ लागतो. एप्रिलमध्ये अर्ज करून मेमध्ये आत शिरू, असा हिशेब तिथे चालत नाही.

राहण्यासाठी दोन पर्याय असतात. बोईसर हे पश्चिम रेल्वेवरचे स्टेशन, चर्चगेटपासून सुमारे १०० किलोमीटरवर. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूरोडपर्यंत गेल्यापासून वसई-विरारची मुले रोज ये-जा करू शकतात. लांबून आलेली मुले पास्थळ, सालवड, खैरापाडा या भागांत तिघा-चौघांत मिळून खोली घेतात. दुसरा पर्याय चिंचणीचा. तारापूरच्या खाडीपलीकडचे हे समुद्रकाठचे गाव डहाणू तालुक्यात येते. केंद्राने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. त्यामुळे खाडीच्या अलीकडे एमआयडीसी गजबजली, तरी चिंचणीत माडाच्या वाड्या आणि जुनी कौलारू घरे टिकून राहिली. इथे खोली स्वस्त आणि हवा बरी, पण बोईसरपर्यंतच्या एसटी आणि शेअर रिक्षाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचे तर पहाटेच उठून नाक्यावर उभे राहावे लागते. बाहेरच्या माणसांची वर्दळ या किनाऱ्याला नवी नाही. चिंचणीत १९५५ मध्ये सापडलेल्या ताम्रपटांवरून दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या वतीने जवळच्या संजाणचा कारभार एक अरब अधिकारी पाहत होता, असे कळते.

जेवणाचा प्रश्न खानावळीच्या डब्याने सुटतो. मासे खायला मिळतील या आशेने आलेल्या मुलाला जूनमध्ये वेगळाच अनुभव येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग, मग सुके बोंबील आणि सुकट यांवर भागते. जूनच्या मध्यापासून पाऊस असा कोसळतो की कपडे वाळत नाहीत आणि सेफ्टी शूज ओलेच पायात घालावे लागतात. भाषेचेही तसेच. गावात वाडवळी, मांगेली, वारली आणि गुजराती कानावर पडते. कारखान्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे ऑपरेटर आणि हेल्पर असल्याने सगळे काम हिंदीत चालते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीची धास्ती असते, पण पहिल्या आठवड्यात त्याला खरी गरज पडते ती पाळीतल्या माणसांशी मोकळेपणाने हिंदी बोलण्याची.

पहिला दिवस सुरक्षा विभागात जातो. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज मिळतात. वारा कुठल्या दिशेला आहे हे दाखवणारा विंडसॉक कुठे आहे, सायरन झाल्यावर जमायची जागा कोणती, डोळ्यांत रसायन उडाले तर आयवॉशपर्यंत कसे पोचायचे, हे समजावून सांगतात. वर्क परमिटशिवाय कुठलेही वेल्डिंग किंवा टाकीत उतरण्याचे काम होत नाही, हे ट्रेनीच्या कानावर तिथेच पडते. हा दिवस कंटाळवाणा म्हणून सोडून द्यावा असा नाही. तारापूरमध्ये आगी आणि स्फोट होऊन गेले आहेत. जानेवारी २०२० मध्ये कोळवडे भागातल्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने आसपासची गावे हादरली आणि माणसे दगावली. ज्या प्लांटमध्ये दीड महिना फिरायचे त्यातले कोणते द्रव पेट घेतात आणि कोणते वायू श्वासात गेले तर घातक ठरतात, हे ट्रेनीने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलेच पाहिजे.

रासायनिक कारखान्यात ट्रेनीला हमखास मिळणारे काम म्हणजे लाइन ट्रेसिंग. प्लांटच्या पाइपलाइनचा आराखडा हातात देतात आणि एकेक लाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत शोधायला सांगतात. भारतीय मानकानुसार पाण्याच्या पाइपला समुद्री हिरवा रंग, हवेच्या पाइपला आकाशी, आम्लाच्या पाइपला गडद जांभळा आणि वाफेच्या पाइपला ॲल्युमिनियमचा रंग असतो. बॉयलरमधून निघालेली वाफेची मुख्य लाइन दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत येते. तिथून ती रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये शिरते आणि खाली स्टीम ट्रॅपमधून पाणी होऊन बाहेर पडते. पुस्तकात हे सारे दोन ओळींत आटोपते. प्रत्यक्षात ती लाइन भिंतीतून जाते, वरच्या मजल्यावर चढते, दुसऱ्या चार लाइनींत हरवते आणि पुन्हा भलतीकडेच सापडते. कधी आराखड्यात नसलेला एखादा बायपास व्हॉल्व्ह दिसतो. मागे केव्हातरी दुरुस्तीच्या वेळी तो बसवलेला असतो आणि कागदावर चढवायचा राहून गेलेला असतो. अशा वेळी ट्रेनी फिटरला विचारतो, फिटर त्या दुरुस्तीची हकीगत सांगतो आणि तो व्हॉल्व्ह कशासाठी लागला हे कळते. दीड महिन्यात असे चार आराखडे दुरुस्त करून दिले तरी त्या मुलाने कारखान्याचे खरे काम केले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी शिकण्याची जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे ईटीपी. बरीच मुले तिकडे जायला नाखूश असतात. तिथे रोज होणारी एक चाचणी अगदी साधी आहे. एअरेशन टँकमधले गढूळ तपकिरी पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घ्यायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही. जिवाणूंचा गाळ हळूहळू खाली बसतो आणि वर निवळ पाणी उरते. समजा गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेवर थांबला आणि त्या टाकीत एका लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम गाळ आहे, तर गाळाचा निर्देशांक १०० येतो, म्हणजे टाकीची तब्येत ठीक. तो १५० च्या बराच वर गेला तर गाळ नीट बसत नाही आणि निवळलेल्या पाण्याबरोबर बाहेर वाहू लागतो. जिवाणूंचे खाणे कमी-जास्त झाले का, हवा पुरेशी मिळते का, एखाद्या बॅचचे जास्तच तीव्र पाणी टाकीत आले का, याचा शोध तिथून सुरू होतो. उत्पादन विभागात आदल्या पाळीत काय घडले याची खूण इथल्या मोजपात्रात उमटते, म्हणून ज्याला प्लांटचा ताळेबंद समजून घ्यायचा त्याने ईटीपीत आठवडाभर तरी काढावा.

तारापूरमध्ये या शिक्षणाला वेगळे महत्त्व आहे. कारखान्यांतले पाणी सामाईक सांडपाणी केंद्रात जाते आणि प्रक्रियेनंतर नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. प्रदूषणाने मासेमारीवर घाला आला म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२२ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्राला आणि अनेक कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. चिंचणीत राहणारा ट्रेनी दिवसा ज्या पाण्याचा पीएच मोजतो, त्याच पाण्याबद्दल संध्याकाळी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे म्हणणे ऐकतो. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू इतक्या जवळून पाहायला मिळणे कोणत्याही अभ्यासक्रमाला जमलेले नाही.

इतर उद्योगांत कामाचा रंग वेगळा. औषधांच्या कारखान्यात कागदाला फार महत्त्व असते. प्रत्येक बॅचच्या नोंदीत वेळ, तापमान, वजन आणि सही हवी, खाडाखोड चालत नाही. पोलादाच्या गॅल्व्हनाइझिंग लाइनवर सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून पत्रा कसा जातो ते पाहता येते. अणुऊर्जा केंद्रात एकाच आवारात दोन प्रकारच्या अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने बांधलेल्या आहेत. त्यांत भट्टीतच पाण्याची वाफ होते आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. तिसरी आणि चौथी जड पाण्यावर चालणारी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, देशात बांधलेली. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. वीज-अभियांत्रिकीच्या मुलाला देशाच्या अणुविद्युत क्षेत्राचा सारा प्रवास इथे एका जागी दिसतो. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, हेही या प्रवासात धरायला हवे.

मुलींच्या अडचणी थोड्या वेगळ्या. बहुतेक ठिकाणी त्यांना जनरल शिफ्टच देतात, त्यामुळे रात्रपाळीत बंद पडलेला पंप चालू होताना पाहणे त्यांच्या वाट्याला कमी येते. लहान कारखान्यांत स्वच्छतागृहाची सोय धड असतेच असे नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यावर कोण आहे हे सुरक्षेच्या माहितीबरोबरच सांगितले जायला हवे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे रिकामपण. ट्रेनी कोणाच्याच कामात बसत नाही, इंजिनिअरला वेळ नसतो, मग तो ऑफिसच्या खुर्चीत जुने मॅन्युअल चाळत बसतो आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन जातो. काही ठिकाणी तर आठवडाभर येऊन महिनाभराचा दाखला मिळतो. यात मुलाइतकीच कॉलेजचीही चूक आहे. ज्या कॉलेजचा प्राध्यापक दोन आठवड्यांनी फोन करतो किंवा बोईसरला येऊन जातो, तिथल्या मुलांना कारखानाही काम देतो. पाळी बदलताना, दुपारी तीनच्या सुमारास, एक ऑपरेटर दुसऱ्याला लॉगबुक दाखवून प्लांटची स्थिती सांगतो. ती पाच मिनिटे शेजारी उभे राहून ऐकणाऱ्या मुलाला विचारायला प्रश्न आपोआप सुचतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला काम मिळते.

रोजची डायरी हा अहवालाचा पाया. काय पाहिले, कोणते आकडे घेतले, कोणाला काय विचारले हे त्या त्या रात्रीच लिहावे लागते, कारण चार दिवसांनी तापमान आणि दाब आठवत नाहीत. अहवालात प्रक्रियेचे वर्णन, आराखडा, हिशेब आणि स्वतः केलेले काम येते. उत्पादनाचे प्रमाण आणि ग्राहकांची नावे गोपनीय असतात, म्हणून अहवाल आधी विभागप्रमुखाला दाखवावा लागतो. तो नको ते भाग काढायला सांगतो, सही-शिक्का देतो. मग कॉलेजात सादरीकरण आणि तोंडी परीक्षा होते आणि त्यावर श्रेयांक मिळतात. एक प्रत विभागाकडेही राहते. पुढच्या मेमध्ये आलेल्या नव्या ट्रेनीला प्लांटची ओळख करून द्यायला ती उपयोगी पडते.