गिटार आणि कागदावरचे संगीत: काही रूढ समजुती

मूळच्या खंडव्याच्या किशोरकुमारांचा (१९२९–१९८७) दाखला देऊन, ज्याला कान आहे त्याला कागद लागत नाही, असे सर्रास म्हटले जाते. त्यांनी गायनाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते हे खरे. परंतु त्या काळच्या हिंदी चित्रपटगीतांमागचे वाद्यवृंद बहुतांशी समोरचा कागद वाचूनच वाजवीत, ही बाब या दाखल्यात गळून पडते. संगीतकाराची चाल अरेंजर, म्हणजे प्रत्येक वाद्याचे स्वर वेगळे लिहून देणारा जाणकार, पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये उतरवीत असे. सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले नामवंत गोवेकर. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेली ओळ स्वरनामे घेत गाणे, शिकवले जात असल्याने तेथील वादकांना मुंबईत मागणी राहिली.

न पाहिलेली रचना पाहताक्षणी वाजवणे, म्हणजेच साइट-रीडिंग, ही उपजत देणगी असते, असा दुसरा समज आहे. गिटार शिकणाऱ्यांत तो अधिक बळावतो, कारण पियानोवर एका लिखित स्वराला एकच पट्टी असते, तर गिटारवर तोच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. पहिली, सर्वांत बारीक तार मोकळी छेडल्यावर मिळणारा ई हा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या घरातही मिळतो. यांतले कोणते घर घ्यायचे हे पुढचे स्वर कोठे आहेत यावर ठरते, आणि म्हणून अडखळण्यास शिकणाऱ्याच्या मंदपणापेक्षा वाद्याची घडणच अधिक कारणीभूत असते. शिवाय गिटारचे संगीत प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर लिहिण्याची प्रथा असल्याने पियानोसोबत ताडून पाहणारा नवशिका आणखी गोंधळतो.

टॅब, म्हणजे तारेच्या रेघेवर घराचा आकडा लिहिण्याची पद्धत, ही आळशी पिढीची सोय आहे, हा आरोप इतिहासाला धरून नाही. लुइस मिलानचा विव्हेला या गिटारसदृश वाद्यावरचा ग्रंथ १५३६ मध्ये अशाच आकड्यांत छापला गेला होता, आणि त्यात कालमानाच्या खुणाही होत्या. आजच्या पुष्कळ टॅबमध्ये नेमक्या त्याच नसतात, हा खरा दोष.

भातखंडे लिपी जाणणाऱ्याला स्टाफ नोटेशन पहिल्यापासून शिकावे लागते, ही समजूत मात्र अर्धीच खरी. भातखंडे पद्धतीत सा कोठेही धरता येतो, स्टाफवर स्वराची उंची ठरलेली असते. पण मात्रा मोजण्याची आणि सम न चुकवण्याची सवय दोन्हीकडे तितकीच उपयोगी पडते.

वाचन म्हणजे एकेक स्वर ओळखत जाणे, हा समज सर्वांत नडतो. जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये केलेल्या प्रयोगात तरबेज वाचकांची नजर हातापेक्षा सुमारे सात स्वर पुढे असल्याचे, तर कच्च्यांची तीन-चारच स्वर पुढे असल्याचे आढळले. त्यामुळे सरावासाठी आपल्या कुवतीहून सोपी, अनोळखी ओळ घ्यावी, लय मुद्दाम संथ ठेवावी आणि स्वर चुकला तरी तो दुरुस्त करण्यासाठी मागे न फिरता पुढची मात्रा गाठावी. समूहात वाजवताना इतर वादक कोणासाठी थांबत नाहीत.