ताफ्याबाहेरचा आवाज : रेमो फर्नांडिस आणि शिवोलीत जन्मलेली कॅसेट

ज्येष्ठ वद्यात आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानोबांची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत शिरते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हा रहिवाशांच्या कानी जो स्वर पडतो, तो कोणा एकाचा नसतो. वीणेकऱ्याने उचललेला अभंग टाळकरी झेलतात, मृदंग त्याला पुढे नेतो, आणि दिंडीत एखादा अलौकिक गळ्याचा वारकरी असला तरी त्याचे नाव विचारण्याची वहिवाट आपल्याकडे नाही. याच्या अगदी उलट टोकाला ख्यालाची मैफील. तेथे तबलजी, हार्मोनियमवाले आणि तंबोऱ्यावरचे शिष्य हे सारे एकाच कंठाच्या सेवेला रुजू झालेले असतात. समूहाचे गाणे आणि एकट्याचे गाणे या दोन्ही व्यवस्था आपल्या अंगवळणी इतक्या पडलेल्या आहेत, की पाश्चात्त्य रॉक संगीताने निर्माण केलेली तिसरी व्यवस्था, म्हणजे चार-पाच समवयस्कांनी आपापली नावे एका सामायिक नावात विलीन करून उभा केलेला ‘बँड’, आणि त्यातून एकाने बाहेर पडून स्वतःच्या नावाने काढलेला ‘अल्बम’, या घटनेचे मर्म मराठी वाचकाला सहसा भिडत नाही.

परदेशी इतिहासात ही घटना बहुधा कलहातून किंवा करारपत्रातून उद्भवते. पीटर गॅब्रिएल १९७५ साली ‘जेनेसिस’मधून बाहेर पडले आणि १९७७ साली त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. ओझी ऑस्बॉर्न यांना १९७९ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ने चक्क बरखास्त केले, आणि पुढच्याच वर्षी ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ने त्यांचे पुनर्वसन केले. सर्वांत गाजलेले प्रकरण पॉल मॅकार्टनी यांचे. ‘बीटल्स’चा डाव मोडत असताना त्यांनी लंडनमधल्या आपल्या घरी चार मार्गांचे ध्वनिमुद्रण यंत्र आणवले, बहुतेक सर्व वाद्ये स्वतःच वाजवली, आणि एप्रिल १९७० मध्ये तो एकाकी अल्बम जगापुढे ठेवला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ज्याने ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी ताफ्यात पियानो वाजवला, त्या फारुख बलसाराचे, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचे, उदाहरण आम्हा पुणेकरांना भौगोलिकदृष्ट्या सर्वांत जवळचे. पण १९८५ चा ‘मिस्टर बॅड गाय’ काढताना त्याने ‘क्वीन’ सोडलेला नव्हता, त्यामुळे तो आपल्या विषयाच्या उंबरठ्यावरच राहतो.

माझ्या मते या विषयाचा आपल्या मुलखातील सर्वांत अर्थपूर्ण दाखला गोव्याच्या बारदेश तालुक्यात, शिवोली गावी सापडतो. तेथे १९८४ साली रेमो फर्नांडिस यांची ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट जन्माला आली. तिच्यामागे भांडण नव्हते आणि करारही नव्हता. ज्या ताफ्यांनी त्यांना घडवले त्यांच्यापासून दूर होणे म्हणजे अनुकरणापासून दूर होणे होते, आणि एकट्याने गाणे म्हणजे आपल्या गावाविषयी गाणे होते. हीच या कॅसेटची खरी अपूर्वाई.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा, पणजीचा. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज अंमल संपला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीने बालपणी एक राजवट आणि तारुण्यात दुसरी पाहिली, त्या पिढीचे ते अपत्य. शाळकरी वयातच त्यांनी मित्रांसह ‘बीट फोर’ नावाचा ताफा उभारला. पुढे वास्तुविद्येच्या शिक्षणासाठी ते मुंबईस सर जे. जे. महाविद्यालयात गेले, आणि तेथे ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या अग्रगण्य बँडमध्ये त्यांचा प्रवेश झाला.

त्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांमधून देशभरचे तरुण ताफे पुढे येत होते, आणि १९७० व १९७१ या वर्षांच्या स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये १९७२ साली ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे अवचित वाजवून गेले, ही वार्ता त्या पिढीने पुराणकथेसारखी जपली. परंतु या साऱ्या उत्साहाच्या मुळाशी एक दारिद्र्य होते. श्रोत्यांची मागणी मूळ गाण्यांची नसून हुबेहूब नकलेची होती. विलायतेतून आलेली तबकडी सुई झिजेपर्यंत ऐकून गिटारचा प्रत्येक स्वर जसाच्या तसा उतरवणारा तो श्रेष्ठ वादक मानला जाई. अशा ताफ्याची कीर्ती ही मुळातच उसनी कीर्ती असते, आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती आपले म्हणावे असे संचित फारसे उरत नाही.

याच वातावरणातून आलेला एक मराठी गायक पुण्याच्या रंगभूमीवर वेगळ्या मार्गाने स्थिरावला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडचे गायक. अॅलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडासची भूमिका गायली. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रचलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अॅकॅडमीने १९७८ साली जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला, तेव्हा नंदूंच्या रूपाने रॉकच्या धाटणीचा खणखणीत मराठी आवाज नाट्यगृहात घुमला. २०१४ मध्ये ते गेले. भाषा बदलून आपला आवाज सापडू शकतो, हे त्यांनी दाखवले; रेमोंनी गाव धरून तो शोधला.

पण तो शोध सरळ रेषेत झाला नाही. पदवीनंतर, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, रेमो युरोप आणि उत्तर आफ्रिका वाटसरूसारखे हिंडले, मिळेल त्या वाहनाला हात करून प्रवास केला, रस्त्यावर वाजवले, निरनिराळ्या देशांच्या वादकांशी संगत केली. आणि १९८० च्या सुमारास गोव्याला परतले. गोव्याच्या किनाऱ्यावर त्या वेळी जगभरचे भटके तरुण उतरलेले होते, हणजुण्याच्या वाळूवर रात्ररात्र संगीत चाले, आणि कोणाही वादकाला त्या परकीय मेळ्यात सामावून जाणे सोपे होते. रेमोंनीही त्या मेळ्यात वाजवले. मात्र राहायचे ठरवले ते शिवोलीच्या वाडवडिलार्जित घरात.

शिवोली हे शापोरा नदीकाठचे गाव. तेथील सांत आंतोनच्या चर्चमध्ये संताच्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला सर्प आहे, आणि नाताळानंतर तेथे भरणाऱ्या जागोरात हिंदू व ख्रिस्ती गावकरी एकाच दैवताच्या नावे रात्र जागवतात. अशा गावात परतलेल्या गायकाला विषयांची वाण पडण्याचे कारण नव्हते. वाण होती ती प्रकाशकाची. मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे दरवाजे त्यांनी ठोठावले आणि नकार पदरी घेतला. भारतीय गायकाने, इंग्रजीत, स्वतः रचलेली गाणी गावीत आणि ती विकली जावीत, हे त्या दफ्तरांतील कोणत्याही रकान्यात बसत नव्हते.

तेव्हा रेमोंनी जे केले त्याचे तांत्रिक स्वरूप जरा जवळून पाहण्यासारखे आहे. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले होते. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या चिंचोळ्या फितीवर मुळात चार पट्टे असतात : दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. या यंत्राने ती बाजूंची विभागणीच रद्द करून चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि गुणवत्ता वाढावी म्हणून फीत दुप्पट वेगाने पळवली. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटांचे काम मावू लागले. पण एका पट्ट्यावर गिटार मुद्रित करून, ती ऐकत ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर तालवाद्य, असे एकट्या माणसाला आपल्याच साथीला बसता येऊ लागले.

चार पट्टे संपले की काय करायचे? येथेच या यंत्राची कठोर शिस्त सुरू होते. तीन पट्ट्यांवरचे वादन एकत्र करून ते चौथ्यावर उतरवायचे, आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुन्हा नवे स्वर भरायचे. परंतु एकदा असे एकत्रीकरण करून जुने पट्टे पुसले, की बासरी थोडी मंद हवी होती किंवा ताल जरा पुढे हवा होता, ही जाणीव होऊनही काही उपाय उरत नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत मूळ स्वर किंचित निस्तेज होतो आणि फितीची सळसळ वाढते. म्हणजे या यंत्रापुढे बसणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे आधीच तयार असावे लागते. ताफ्यात एकाचे स्खलन दुसरा सावरतो, मतभेदातून एखादी नवी जागा सुचते. येथे मतभेद करायलाही दुसरा कोणी नाही. अशा यंत्रापुढे बसून रेमोंनी सर्व वाद्ये वाजवली, सर्व आवाज स्वतः गायले, शब्द, चाल, मुद्रण, मिश्रण, इतकेच नव्हे तर वेष्टनाचे चित्रही स्वतःच केले. वास्तुविद्येच्या शिक्षणाने आराखडा आधी आणि बांधकाम मागून ही सवय लावलेली असावी, असे त्या गाण्यांची बांधणी ऐकताना मला नेहमी वाटते.

मग त्या कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून ते दुकानोदुकानी देत फिरले. हे शक्य झाले त्याचे कारण तबकडीचा जमाना मावळून कॅसेटचा उगवला, हे होय. तबकडीला कारखाना लागे, आणि तिच्या व्यापारावर दीर्घकाळ ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. कॅसेटची नक्कल मात्र एका खोलीत काढता येई. याच सोयीचा लाभ घेऊन आमच्या पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती काढल्या. मोठ्या कंपनीच्या नजरेतून सुटलेले संगीत छोट्या माणसाच्या जिव्हाळ्यावर जगते, याची ही दोन समकालीन प्रमाणे एकमेकांशेजारी ठेवावीत इतकी सारखी आहेत.

रेमोंच्या गाण्यांतील विषय पाहावेत. ‘गोअन क्रेझी’ या नावातच आपल्या गोवेकरपणाची खूण आहे. प्रेयसी, महामार्ग आणि पाऊस यांपलीकडे न जाणाऱ्या उसन्या इंग्रजी गीतांना सरावलेल्या कानांवर एकाएकी गोव्यातील बंद पडलेल्या टेलिफोनचे गाऱ्हाणे आले, आणि तेही थेट त्या यंत्राचे जनक ग्रॅहम बेल यांनाच उद्देशून केलेले. अशा गीतांना नावीन्याचे श्रेय देताना एक गोष्ट विसरू नये. राजकारण्याला, भाटकाराला म्हणजे जमीनदाराला, पाद्रीबाबाला गाण्यातून चिमटे काढण्याची रीत गोव्यात फार जुनी आहे. १८९२ साली मुंबईत ज्याचा पहिला प्रयोग झाला त्या तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात दोन प्रवेशांच्या मधल्या वेळी गायली जाणारी कांतारे हेच काम करत आली आहेत. रेमोंची भाषा इंग्रजी होती, तिच्या मागचा स्वभाव मात्र कांतारकाराचा होता. आपल्याकडचा शाहीर किंवा मेळ्याचा पदकर्ता त्यांना सहज ओळखला असता.

त्यापेक्षाही खोलवरची एक गोष्ट गोमंतकीय वादकाच्या नशिबाशी निगडित आहे. चर्चशी संलग्न शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेल्या पिढ्यान्पिढ्यांनी हॉटेले, नृत्यगृहे आणि चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची भव्य वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसोझा यांची. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. पण श्रेयनामावलीत त्यांच्यापैकी कितीकांची नावे आली? मेहनताना घ्यावा, दुसऱ्याच्या नावाचे गाणे सजवावे आणि निमूटपणे घरी जावे, हा जणू हुकूमच होता. या पार्श्वभूमीवर शिवोलीतल्या एका घरातून, वेष्टनावर स्वतःचे नाव आणि आत स्वतःचाच प्रत्येक स्वर घेऊन बाहेर पडलेली कॅसेट ही मला व्यक्तिगत महत्त्वाकांक्षेपेक्षा एका समाजाच्या थकलेल्या देण्याची वसुली वाटते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण ती सर्वश्रुत आहे. १९८५ च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये रेमो गोव्याच्या पारंपरिक गीतांकडे वळले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये ते दिसले आणि गायले; लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या वाड्यात चित्रित झालेल्या त्या चित्रपटाने गोमंतकीय गृहजीवन उभ्या देशाला दाखवले. १९८६ ला अमली पदार्थांविरुद्धची ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ ला ‘बॉम्बे सिटी’ आणि ‘जलवा’ चित्रपटातील गीत. ज्या व्यवसायाने दार लावले होते त्याने आता पायघड्या घातल्या. १९९५ च्या ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’ने त्यांचा आवाज हिंदी भाषकांच्या लग्नमंडपांपर्यंत पोचवला, आणि २००७ साली पद्मश्रीची सनद मिळाली. चित्रपटातली ती गाणी मला प्रिय आहेत. तरीही त्यांत रेमो पुन्हा एका मोठ्या ताफ्यातले वादक-गायक आहेत, आणि दुसऱ्याच्या आराखड्यात आपली खोली सजवत आहेत. त्यांचे खरे घर त्या पहिल्या कॅसेटीत आहे, फितीच्या सळसळीसकट. नंतरच्या सुसज्ज स्टुडिओतील सफाईपेक्षा मी त्या सळसळीला अधिक मान देतो, कारण तिच्यात एकेक पट्टा पुसताना घेतलेला निर्णय ऐकू येतो.

ज्यांच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातील अशा खाजगी कॅसेटी पडून असतील, गोव्याच्या असोत वा पुण्याच्या, त्यांना एक विनंती आहे. कॅसेट थेट वाजवायला लावू नये. आधी फितीवर बुरशीचा पांढरा थर नाही ना हे उजेडात पाहावे आणि असेल तर ती जाणकाराच्याच हाती द्यावी. नसेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फीत एकदा गुंडाळून परत आणावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आतला दाबाचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या रिकाम्या कॅसेटीचे कवच वापरावे. मग स्वच्छ केलेल्या यंत्रावर एकदाच, अखंड वाजवून तिची संगणकावर नक्कल उतरवावी, आणि वेष्टनावरचा मजकूर, विशेषतः वादकांची नावे, त्या नकलेसोबत अक्षरशः लिहून ठेवावीत.